फाउंड्रीत अग्निशामक कोणते घ्यावेत आणि कोठे लावावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आपली फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. ५०० किलोची इंडक्शन फर्नेस (विजेवर चालणारी भट्टी), साचे बनवण्याचा मोल्डिंग विभाग, पॅटर्नची, म्हणजे साच्यांसाठीच्या नमुन्यांची, खोली, चार सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांचे मशीन शॉप, कार्यालय आणि लहानसे कँटीन असा पसारा आहे. पुरवठादाराने एबीसी पावडरचे ६ किलोचे २० अग्निशामक सरसकट सुचवले असून ते भिंतींवर समान अंतराने लावले की काम झाले, असे सांगितले आहे. एवढे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे.

संख्या कदाचित पुरेल, परंतु निवड पुरणार नाही आणि मांडणी तर मुळातच बदलावी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. कोल्हापूर, कागल आणि इचलकरंजी भागातील कारखान्यांची अग्निसुरक्षा तपासणी मी गेली २० हून अधिक वर्षे करत आहे. या काळात भिंतीवर भरलेला अग्निशामक असूनही आग आटोक्यात आली नाही असे जे प्रसंग पाहिले, त्यांतील बहुतेक ठिकाणी एक तर तो त्या आगीसाठी नव्हता, किंवा माणसाचा हात तेथपर्यंत पोहोचू शकत नव्हता. त्यामुळे खरेदीचा आदेश देण्यापूर्वी एक कागद घेऊन आपण स्वतः कारखान्यात फिरावे आणि प्रत्येक जागेपाशी थांबून तीन गोष्टी लिहाव्यात: येथे काय जळू शकते, ते कशाने पेटेल, आणि पेटेल त्या क्षणी माणूस कोठे उभा असेल व कोणत्या दिशेने पळेल. अग्निशामकाचा प्रकार पहिल्या दोन उत्तरांतून ठरतो आणि त्याची जागा तिसऱ्यातून ठरते.

आगीच्या वर्गांबाबत एक गोंधळ आधी दूर केला पाहिजे. आपल्याकडे लाकूड, कागद, कापड यांसारख्या घन पदार्थांची आग ‘ए’ वर्गात, थिनर, डिझेल, तेल अशा द्रवांची ‘बी’ वर्गात, एलपीजीसारख्या वायूंची ‘सी’ वर्गात आणि मॅग्नेशियमसारख्या जळणाऱ्या धातूंची ‘डी’ वर्गात मोडते. अमेरिकी पद्धतीत मात्र ‘सी’ म्हणजे विजेवर चालू असलेली उपकरणे. काही माहितीपत्रके परदेशी मजकुरावरून तयार होतात आणि मग ‘एबीसी म्हणजे विजेलाही चालतो’ असे समीकरण विक्रेत्याच्या तोंडी बसते. पावडर विद्युतवाहक नाही हे खरे आहे, पण ते ‘सी’ या अक्षरावरून ठरत नाही. अग्निशामकावर विद्युत उपकरणांसाठीचे स्वतंत्र चिन्ह आणि किती व्होल्टपर्यंत व किती अंतरावरून वापरायचा याची सूचना असते, ती वाचावी.

आता भट्टीकडे येऊ, कारण सर्वांत गंभीर चुका तेथे होतात. वितळलेल्या धातूला कोणताही अग्निशामक लागू पडत नाही. पाण्याची वाफ झाली की त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. या वितळलेल्या धातूच्या रसाखाली थोडेसे पाणी अडकले तरी स्फोट होऊन रस छतापर्यंत उडतो. त्यामुळे पाण्याचा किंवा फोमचा अग्निशामक भट्टीच्या आणि लेडलच्या (रस वाहून नेण्याच्या भांड्याच्या) परिसरात लावूच नये. गडबडीत हाताशी येईल ते उचलले जाते. जे तेथे नसेल ते उचलले जाणार नाही, एवढे साधे हे गणित आहे. भट्टीखालचा खड्डा कोरडा राहतो की नाही, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात जमिनीतून पाणी झिरपते आणि खड्ड्याच्या तळाशी कोणाच्या लक्षात न येता साठते. पावसाळ्यात प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला बॅटरी घेऊन खड्डा पाहण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर टाकावी.

भट्टी कलती करण्यासाठी जे हायड्रॉलिक तेल वापरले जाते, ती खरी ‘बी’ वर्गाची आग आहे. होज फुटून तेलाचा फवारा तप्त भागावर उडाला की क्षणात भडका होतो. तेथे पावडरचा अग्निशामक योग्य आहे आणि ६ किलोऐवजी ९ किलोचा घ्यावा, असे मी सुचवेन. त्याच वेळी यंत्रनिर्मात्याला विचारून, यंत्राची सील त्या द्रवाला चालत असतील तर, वॉटर-ग्लायकॉल प्रकारचे सहजासहजी न पेटणारे द्रव वापरावे. धोकाच कमी झाला तर अग्निशामकावरचा भार कमी होतो. हा अग्निशामक भट्टीच्या अगदी शेजारी टांगू नये. दाबाखाली भरलेल्या अग्निशामकावर वापराच्या तापमानाची मर्यादा छापलेली असते आणि भट्टीच्या थेट झळीत ती सहज ओलांडली जाते. खांबाच्या आडोशाला, झळ लागणार नाही पण चालकाला दिसेल, असे स्थान निवडावे.

आपण नोड्युलर कास्टिंग, म्हणजे रसात मॅग्नेशियम मिसळून केलेले चिवट लोखंडाचे ओतकाम, करत असाल तर मॅग्नेशियमचा प्रश्न येतो. फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियमचे मोठे खडे सहज पेटत नाहीत, परंतु पोत्याच्या तळाशी उरणारी बारीक भुकटी पेटू शकते आणि ती ओली झाली तर तिच्यातून ज्वालाग्राही वायू सुटतो. जळत्या मॅग्नेशियमवर कार्बन डायऑक्साइड मारला तर मॅग्नेशियम त्यातलाच ऑक्सिजन ओढून घेते आणि मागे काळा कार्बन ठेवून अधिक जोमाने जळते. एबीसी पावडरही येथे उपयोगाची नाही. मिठाच्या किंवा ग्राफाइटच्या आधाराची ‘डी’ वर्गाची खास पावडर लागते, आणि ती जोराच्या फवाऱ्याने न मारता लांब नळीच्या तोंडातून हलकेच, थर बसेल अशी पसरावी लागते. असा एकच अग्निशामक त्या साठ्याच्या दारापाशी पुरे. सोबत झाकणाच्या पिंपात पूर्ण कोरडी वाळू आणि लांब दांड्याचे फावडे ठेवावे. फाउंड्रीत वाळूला तोटा नसतो, पण मोल्डिंगची वाळू ओलसर असते. ती या कामाला अजिबात वापरू नये.

मोल्डिंग विभागातील धोका मालकांच्या लक्षात सहसा येत नाही, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. साच्याला लावायचे झिरकॉन किंवा ग्राफाइटचे कोटिंग बहुतेक ठिकाणी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे कामगारांच्या भाषेत स्पिरिटमध्ये, कालवलेले असते आणि लावल्यावर ते पेटवूनच सुकवतात. म्हणजे रोज, ठरवून, उघडी आग लावली जाते आणि तीही ज्वालाग्राही द्रवाच्या डब्याजवळ. एका फाउंड्रीत मी भर उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी उभा होतो. छताच्या पारदर्शक पत्र्यांतून ऊन खाली येत होते. कामगाराने साचा पेटवला आणि दोन हातांवर ठेवलेला कोटिंगचा उघडा डबाही पेटला, पण ते कोणाला कळलेच नाही, कारण स्पिरिटची ज्वाळा फिकट निळी असते आणि उन्हात दिसत नाही. डब्यावरची हवा फक्त थरथरताना दिसत होती. मदतनीसाने डबा उचलायला हात घातला आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. दुसऱ्याने धावत जाऊन फोमचा अग्निशामक आणला. तो साधा एएफएफएफ, म्हणजे तेलासारख्या द्रवांवर पातळ थर धरणारा, फोम होता. डब्यावर फेसाचा थर बसला आणि बघता बघता विरून गेला, कारण पाण्यात मिसळणारे अल्कोहोल फेसातले पाणी शोषून त्याचे पापुद्रे मोडते. शेवटी पावडरने आग विझली, पण शेजारचा साचा तापलेला असल्याने अर्ध्या मिनिटात डबा पुन्हा पेटला आणि दुसरा अग्निशामक रिकामा करावा लागला. डब्यावर झाकण टाकण्याचे सर्वांत शेवटी सुचले.

त्या दुपारपासून मी प्रत्येक फाउंड्रीला हेच सांगतो. कोटिंगच्या जागेसाठी फोम घ्यायचाच असेल तर तो अल्कोहोल-रोधक प्रकारचा आहे, असे देयकावर लिहून घ्यावे. पावडरचा अग्निशामक एक न ठेवता दोन ठेवावेत, कारण पावडर आग विझवते पण तापलेली वस्तू थंड करत नाही. डब्याला साखळीने बांधलेले घट्ट झाकण असावे आणि साचा पेटवण्याची जागा डब्यापासून निदान काही मीटर दूर, जमिनीवर पिवळ्या पट्ट्याने आखलेली असावी. हे झाकण आणि हा पट्टा अग्निशामकाइतकेच आवश्यक आहेत.

विद्युत पॅनेल आणि कपॅसिटरच्या खोलीसाठी कार्बन डायऑक्साइड योग्य आहे, कारण तो मागे काहीही ठेवत नाही. मात्र त्याचा हिशेब करून पाहावा. एक किलो वायू साधारण तापमानाला अर्ध्या घनमीटरहून थोडी अधिक जागा व्यापतो. ४.५ किलोचा अग्निशामक पूर्ण रिकामा केला तर सुमारे २.५ घनमीटर वायू सुटतो. खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर तिच्या २७ घनमीटर हवेत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि एवढ्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. म्हणून हा अग्निशामक खोलीच्या आत न लावता दाराबाहेर लावावा, दारातूनच मारावा, आणि नंतर खोली हवेशीर होईपर्यंत कोणीही आत जाऊ नये. फवारा मारताना तोंडाच्या कर्ण्याला उघडा हात लावू नये. वायू उणे ७८ अंशांपर्यंत थंड होऊन बाहेर येतो आणि कातडी चिकटते. मुख्य स्विच बंद करणे ही पहिली कृती आहे, पण कपॅसिटरमध्ये त्यानंतरही भार शिल्लक असतो, हे विद्युत कामगाराला माहीत असते. कँटीनच्या पोऱ्याला नसते.

सीएनसी यंत्रांसाठीही कार्बन डायऑक्साइडच ठेवावा. एबीसी पावडरमध्ये मोनो-अमोनियम फॉस्फेट असते. ते हवेतील ओल शोषून सर्किट बोर्ड आणि स्लाइड गंजवते. विझवलेल्या आगीपेक्षा विझवणाऱ्या पावडरीने केलेले नुकसान मोठे, अशी यंत्रे मी पाहिली आहेत. तरीही आग कुलंटच्या (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाच्या) टाकीपर्यंत पसरली असेल तर यंत्राची चिंता न करता पावडर मारावी, ही सूचना चालकांना आधीच देऊन ठेवावी, म्हणजे त्या क्षणी ते कचरणार नाहीत.

पॅटर्नच्या खोलीत लाकूड, थर्मोकोल, रेझिनचे कॅन आणि वर्षानुवर्षांची धूळ असते. लाकडाच्या आणि कापसाच्या आगीत निखारा आत खोल राहतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गोदामात सुताच्या गाठी पेटल्यावर पावडर मारून सगळे निर्धास्त झाले आणि तासाभराने गाठीच्या पोटातून धूर निघाला, असे घडते; आत ओलावा पोहोचल्याशिवाय ती आग मरत नाही. म्हणून पॅटर्नच्या खोलीसाठी ९ लिटरचा पाण्याचा किंवा फोमचा अग्निशामक आणि जोडीला पावडरचा एक, अशी जोडी घ्यावी. रेझिन आणि त्याचे ॲसिड या खोलीत ठेवूच नये.

कँटीनमध्ये कढईतील तेल पेटले की पावडरच्या जोराने ते उडते आणि विझलेले तेल तापलेलेच असल्याने परत पेटते. पोटॅशियम क्षारांचा वेट केमिकल अग्निशामक तेलावर साबणासारखा थर धरतो आणि ते थंडही करतो. तो एक घ्यावा. गॅस बंद करून कढईवर मोठे झाकण सरकवणे त्याआधी. एलपीजीच्या गळतीला लागलेली आग व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर विझवू नये, कारण न जळता साठलेला वायू नंतर स्फोट घडवतो.

आता खरेदीविषयी. अग्निशामकावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६८३ हा क्रमांक असावा. केवळ किलो पाहू नयेत. बाजारात एबीसी पावडर ४०, ५०, ७५, ९० टक्के अशा वेगवेगळ्या प्रमाणातील मोनो-अमोनियम फॉस्फेटची मिळते आणि बाहेरून सगळे अग्निशामक सारखेच लाल दिसतात. दरपत्रकात हे प्रमाण लिहून मागावे आणि लेबलवरील ‘ए’ व ‘बी’ पुढचे आकडे, म्हणजे त्या वर्गाची किती मोठी आग विझते याची क्षमता, दोन विक्रेत्यांचे शेजारी ठेवून पाहावेत. स्वस्त दरपत्रकाचे रहस्य बहुधा येथेच सापडते. पुनर्भरणाच्या वेळीही हाच प्रश्न विचारावा.

मांडणीसाठी आयएस २१९० या भारतीय मानकाचा मुख्य आधार घ्यावा. कोणत्याही जागेपासून जवळच्या अग्निशामकापर्यंत १५ मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये, हा त्यातला कामाचा दंडक आहे. ज्वालाग्राही द्रवांजवळ मी याहून कमी अंतर धरतो. अमेरिकेचे एनएफपीए १० हे मानकही कमी क्षमतेच्या अग्निशामकासाठी तेथे ३० फूट, म्हणजे सुमारे ९ मीटर, इतकेच अंतर मान्य करते. हे अंतर नकाशावर कंपासने काढायचे नसून पायाने चालायचे आहे. साधारण माणसाची २० पावले म्हणजे १५ मीटर. मोल्डिंग बॉक्सच्या थप्प्यांना वळसा घालत, नेहमीच्या चालीने, प्रत्यक्ष मोजावे. आपल्या नकाशावरचे १२ मीटर जमिनीवर २५ भरले तर आश्चर्य वाटू देऊ नये.

समान अंतराने भिंतीवर लावण्याला माझा विरोध आहे, तो याच कारणाने. धोका भिंतीवर समान अंतराने वाटलेला नसतो. अग्निशामक धोक्याच्या जागेपासून बाहेर पडण्याच्या वाटेवर असावा, म्हणजे माणूस तो घ्यायला दाराकडे जातो, आणि आगीकडे वळला तरी त्याच्या पाठीशी दार राहते. पॅनेलच्या वर किंवा तेलाच्या पिंपांच्या पलीकडे लावलेला अग्निशामक माणसाला आगीतून हात घालायला लावतो. तळ जमिनीपासून निदान १० सेंटीमीटर वर आणि माथा दीड मीटरच्या खाली असावा. ९ किलोचा अग्निशामक भरल्यावर बराच जड होतो आणि डोक्यावरून उतरवताना पडतो. खांबाच्या वरच्या भागावर चारही बाजूंनी लाल पट्टा रंगवावा, म्हणजे समोर माल रचला तरी जागा दिसते. खालच्या जमिनीवर एक मीटरचा चौकोन आखून तेथे काहीही ठेवण्यास मनाई करावी. हा चौकोन आखला नाही तर तिसऱ्याच दिवशी तेथे कोअर बॉक्स येऊन बसतात.

अग्निशामकाची मर्यादाही कामगारांना सांगितली पाहिजे. ६ किलोची पावडर साधारण १५ ते २० सेकंदांत संपते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्या कोल्हापूरकरांनी पाहिले, त्यांना मोठी आग म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. हातातले साधन हे पहिल्या मिनिटाचे आहे. ज्वाळा छताला पोहोचल्या, धूर डोक्याच्या उंचीला आला किंवा एक अग्निशामक संपूनही आग उरली, तर बाहेर पडून अग्निशमन दलाला १०१ वर बोलवावे. वर्षातून एकदा, पुनर्भरणाला जाणारे अग्निशामक मोकळ्या जागेत कामगारांकडूनच रिकामे करून घ्यावेत: पिन काढणे, वारा पाठीशी घेणे, ज्वाळेच्या टोकावर नव्हे तर तळाशी नेम धरणे, आणि झाडू फिरवावा तसा फवारा फिरवणे. रात्रपाळीलाही हा सराव द्यावा. रात्री माणसे कमी असतात.

देखभालीत महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील शाबूत आहे का, नळीत कोळ्याचे किंवा कुंभारमाशीचे घर झालेले नाही ना, हे पाहावे. कार्बन डायऑक्साइडला काटा नसतो. तो वजन करूनच कळतो आणि वायूच्या वजनात १० टक्के घट झाली की भरून घ्यावा. नॉक-आउटजवळच्या, म्हणजे साचे फोडून ओतीव वस्तू काढण्याच्या जागेजवळच्या, सततच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून तेथील अग्निशामक मी दर तीन महिन्यांनी उलटे करून हलवायला लावतो. पाणी, फोम व पावडरच्या टाक्यांची दाबचाचणी दर ३ वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडची दर ५ वर्षांनी करून घ्यावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक संस्थेचे नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते देणाऱ्या संस्थेचा माणूस प्रत्यक्ष प्रत्येक अग्निशामकापाशी जातो का, हे आपण त्याच्याबरोबर फिरून पाहावे.

यावरून आपल्या २० अग्निशामकांपैकी पावडरचे साधारण ११ राहतील, त्यांतील दोन हायड्रॉलिकसाठी ९ किलोचे. कार्बन डायऑक्साइडचे पाच, पाणी किंवा फोमचे दोन, वेट केमिकलचा एक आणि नोड्युलर काम असल्यास ‘डी’ वर्गाचा एक, असा आदेश बदलेल. नेमके आकडे आपल्या पावलांच्या मोजणीनंतर पक्के करावेत. पुरवठादाराशी करार करताना एक अट आवर्जून घालावी: पुनर्भरणासाठी अग्निशामक नेताना त्याच प्रकारचा भरलेला बदली अग्निशामक त्याच हुकावर लावून मगच जुना उचलायचा. सगळे अग्निशामक एकाच टेंपोत भरून नेल्यावर आठवडाभर रिकाम्या हुकांखाली भट्टी चालू असलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.